शिक्का कुणाचा?

बेंगळुरूत यशवंतपूरच्या इंडस्ट्रियल सबर्बमध्ये आमच्या शेडच्या खालच्या मजल्यावर केबल हार्नेस बांधतात. तार सोलायची, पिन क्रिम्प करायची, कनेक्टरमध्ये बसवायची आणि मीटर लावून बझर वाजतो का ते ऐकायचं. माल तिथं पास झाला की वरच्या मजल्यावर, माझ्या टेबलावर, कागदांची तपासणी सुरू होते.

आधी पाहायचं, माल ‘स्कोमेट’ यादीत, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत, येतो का. खास लष्करी वापरासाठी घडवलेला भाग असेल तर तो सहाव्या वर्गात जातो आणि परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. सोबत खरेदी ऑर्डर, तांत्रिक माहिती आणि ‘ईयूसी’, म्हणजे अंतिम वापरकर्त्याचं हमीपत्र: माल कोण वापरणार, कशासाठी, आणि परवानगीशिवाय पुढं कुणाला देणार नाही. ऑर्डरवरचं नाव आणि ईयूसीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवावं लागतं.

संपूर्ण शस्त्रप्रणाली असेल तर हमीवर सहसा त्या देशाच्या सरकारचा शिक्का लागतो. मान्यतेचा प्रश्न इथं येतो, कारण ज्याला आपण सरकार मानतच नाही त्याचा शिक्का चालवायचा कसा?

इतिहासात मात्र शस्त्रं आणि राजनय नेहमी हातात हात घालून चालले नाहीत. भारतानं इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते २९ जानेवारी १९९२ रोजी. तरीही १९७१ च्या युद्धात इस्रायलकडून उखळी तोफा आणि दारूगोळा गुपचूप आलाच होता. आज इथून जवळच, जालहळ्ळीची भारत इलेक्ट्रॉनिक्स इस्रायली कंपनीबरोबर ‘बराक-८’ क्षेपणास्त्रावर उघडपणे काम करते. अमेरिकेनं तर १९७९ मध्ये तैवानची मान्यता काढून घेतली आणि त्याच वर्षी त्याला संरक्षणात्मक शस्त्रं पुरवण्याचा कायदा केला.

उलट १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर भारताच्या मान्यतेचा प्रश्नच नव्हता. तरी अमेरिकी निर्बंधांमुळे ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवरचं सहकार्य थांबलं. आपल्या अभियंत्यांनी ते काम इथं पुरं केलं आणि विमान ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरूतून उडालं.

म्हणून ‘अमक्या देशाला मान्यता द्या, तरच शस्त्रं’ असा कायदा कुणी केला, तर त्याचा जोर विक्रीच्या सहीत कमी आणि नंतरच्या सुट्या भागांत जास्त असणार. मान्यता एकदाच द्यायची असते. हार्नेस, सील, सर्किट बोर्ड मात्र विमान उडतंय तोवर लागतात, आणि त्यांच्या परवान्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं.