ड्रॅग कारचे मागील गिअर गुणोत्तर

मागील गिअर गुणोत्तर म्हणजे वाहनाच्या मागील ॲक्सलमधील क्राउन व्हीलच्या दात्यांची संख्या आणि टेल पिनियनच्या दात्यांची संख्या यांचे गुणोत्तर होय. क्राउन व्हीलला ४१ व पिनियनला ९ दाते असल्यास हे गुणोत्तर ४.५६ होते, म्हणजेच चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टचे ४.५६ फेरे व्हावे लागतात. ४१ व ११ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ३.७३ येते. नायट्रस ऑक्साइड वापरणाऱ्या ड्रॅग कारसाठी या गुणोत्तराची निवड साध्या इंजिनाच्या कारपेक्षा वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

मूलभूत तत्त्व

गुणोत्तर जितके मोठे, तितका चाकाशी मिळणारा आघूर्ण (टॉर्क) अधिक; मात्र त्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात. पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात राहू बेटासारख्या ऊस पिकवणाऱ्या भागात ट्रॅक्टर उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे ओढतो. त्याला वेगापेक्षा ओढ महत्त्वाची असल्याने त्याच्या मागील भागात फेरे टप्प्याटप्प्याने पुष्कळ कमी केले जातात. ड्रॅग कारला मात्र दोन्ही गोष्टी हव्या असतात: उभ्या स्थितीतून जोरदार सुटण्यासाठी ओढ आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, संपेपर्यंत वाढत राहणारा वेग. गुणोत्तराची निवड म्हणजे या दोहोंमधील तडजोड होय.

मोटारसायकलीत हेच काम साखळीच्या स्प्रॉकेटांनी होते. मागे ४२ व पुढे १४ दाते असल्यास गुणोत्तर ३ होते आणि मागचे स्प्रॉकेट ३९ दात्यांचे बसवल्यास ते २.७९ वर येते. स्प्रॉकेट बदलणे तुलनेने सोपे असते. क्राउन व पिनियन मात्र जोडीनेच बदलावे लागतात, कारण ते एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. बसवताना दात्यांमधील मोकळीक व बेअरिंगवरील ताण अचूक ठेवावा लागतो. त्यामुळे निवड आधीच गणिताने करणे श्रेयस्कर ठरते.

नायट्रस ऑक्साइडचा परिणाम

नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत तो सुमारे २३ टक्के असतो. सिलिंडरमधील उष्णतेने या वायूचे विघटन होऊन जादा ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याच प्रमाणात जादा इंधन दिल्यास अधिक शक्ती मिळते. इंधन कमी पडल्यास पिस्टन वितळण्याचा धोका असतो.

ठरावीक जेटमधून दर सेकंदाला जवळपास तितकाच वायू जातो, म्हणून वाढणारी शक्तीही जवळपास स्थिर असते. आघूर्ण म्हणजे शक्ती भागिले कोनीय वेग; त्यामुळे कमी फेऱ्यांवर आघूर्णाची वाढ सर्वाधिक असते. उदाहरणार्थ, १७५ अश्वशक्तीची (सुमारे १३० किलोवॅट) वाढ मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सुमारे ४१५ न्यूटन-मीटर, तर ६,००० फेऱ्यांवर सुमारे २०८ न्यूटन-मीटर आघूर्ण देते. त्यामुळे सुरुवातीच्या ओढीसाठी मोठ्या गुणोत्तरावर अवलंबून राहण्याची गरज कमी होते. उलट, मोठ्या गुणोत्तरामुळे टायर जागीच फिरत राहण्याची शक्यता वाढते.

निवडीची रीत

गणिताची सुरुवात प्रारंभरेषेऐवजी अंतिम रेषेपासून केली जाते. रेषा ओलांडताना इंजिन नायट्रससह कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर किंवा त्यांच्या किंचित वर असावे, असा संकेत आहे. २८ इंच व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे २.२३ मीटर असतो. ३०० अश्वशक्तीची एखादी कार नायट्रसविना ताशी १८० किलोमीटर वेगाने रेषा ओलांडते आणि तिचा शेवटचा गिअर १:१ आहे, असे मानू. तेव्हा चाकाचे मिनिटाला सुमारे १,३४३ फेरे होतात. इंजिनाची कमाल शक्ती ६,००० फेऱ्यांवर असल्यास ६,००० भागिले १,३४३ म्हणजे ४.४७ येते, ४.५६ ची जोडी त्याच्या जवळची आहे.

अंतिम वेग साधारणपणे शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. १७५ अश्वशक्तीची जोड मिळाल्यावर हीच कार ताशी सुमारे २१० किलोमीटर गाठते. चाकाचे फेरे आता १,५६७ होतात आणि ४.५६ च्या जोडीने इंजिनाला सुमारे ७,१५० फेरे घ्यावे लागतात. ३.७३ च्या जोडीने ते सुमारे ५,८५० राहतात. टॉर्क कन्व्हर्टरमधील ५ टक्के घसरण धरल्यास सुमारे ६,१४०. म्हणून येथे ३.७३ योग्य ठरते. वेगात टायर फुगून परीघ वाढतो, त्याचाही हिशेब अंतिम निवडीत धरावा लागतो. हीच कार नायट्रसविना धावल्यास मात्र ३.७३ ची जोडी तिला मंद करते; कारण चाकाशी मिळणारी ओढ सुमारे १८ टक्क्यांनी घटते.

चुकीच्या निवडीचे धोके

गुणोत्तर फार मोठे असल्यास इंजिन रेषेपूर्वीच फेऱ्यांच्या मर्यादेला भिडते. मर्यादकाने ठिणगी तोडली आणि वायू व इंधन वाहत राहिले, तर सेवन नलिकेत साठलेल्या मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. त्यासाठी ठरावीक फेऱ्यांच्या खाली व वर वायू बंद करणारा स्विच बसवतात. गुणोत्तर फार लहान असल्यास हा स्विच सुरू होण्याइतके फेरे इंजिन उशिरा गाठते आणि वायूचा लाभ हुकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ व कायदा

पुणे जिल्ह्यातील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरवली गेली आहे. अशा बंदिस्त जागेबाहेर हे प्रयोग कायद्याच्या कक्षेत येतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे कलम १८९ नुसार गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.