प्लायवूडचा फिश टँक: करायचा कसा, आणि धंदा म्हणून परवडतो का?

व्हिडिओत करवत चालताना दिसली, प्लायवर चकचकीत रेझिन चढताना दिसलं, शेवटी निळ्या उजेडात मासे फिरताना दिसले. बघायला नादखुळा आहे, मान्य. पण व्हिडिओत हिशेब दिसत नाही. आणि तुमच्यातले बरेचजण हे बघून लगेच टिंबर मार्केटला जाऊन प्लाय उचलायच्या बेतात असणार, म्हणून हा लेख.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज काढू. "काच महाग, प्लाय स्वस्त, म्हणून प्लायचा टँक स्वस्त." लहान मापात हे सरळ चुकीचं आहे.

6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टँक धरा. पूर्ण काचेचा केला तर पुढची-मागची बाजू मिळून 24 चौरस फूट, दोन टोकं 8, तळ 12. एकूण 44 चौरस फूट, 12 एमएम काच. आता समजा काच 150 रुपये फूट पडली. (हे भाव उदाहरणाला धरलेत, तुम्ही करायच्या दिवशी तीन दुकानांत फोन करा.) काचेचे झाले 6,600. सिलिकॉन आणि कारागिराची मजुरी वेगळी.

प्लायमध्ये काय लागतं? दीड शीट प्लाय, म्हणजे 48 चौरस फूट, समजा 120 च्या भावाने 5,760. पुढच्या खिडकीची काच साडेनऊ फूट, 1,425. एपॉक्सी रेझिन 5 किलो, 600 ने 3,000. फायबरचं कापड, स्टीलचे स्क्रू, गोंद, सिलिकॉन, ब्रश, पॉलिश पेपर मिळून 2,500. बेरीज 12,685. म्हणजे नुसत्या मालातच काचेच्या जवळपास दुप्पट! वर तुमचे चार दिवस.

मग कोण करतं हे? जिथं काच हरते तिथं. 8 फूट बाय 4 फूट बाय 3 फूट उंच टँक घ्या. त्याला 104 चौरस फूट काच लागते, तीही 19 एमएमची. एवढ्या जाड काचेचा भाव नुसता जाडीच्या पटीत वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. समजा 400 रुपये फूट. झाले 41,600. आणि वजन? फक्त काचच साडेचारशे किलोच्या वर. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉटेलात ती नेणार कोण? प्लायमध्ये याच मापाला चार शीट, 17 फूट काच, 12 किलो रेझिन आणि किरकोळ सामान धरून उदाहरणाच्या भावाने साधारण 33,000 होतात, आणि माल जिन्यातून तुकड्यांनी वर नेता येतो. मोठी सार्वजनिक मत्स्यालयंसुद्धा याच तत्त्वावर चालतात. भिंती अपारदर्शक, बघायला एकच खिडकी. चारही बाजूंनी मासे दिसायची गरज कुणालाच नसते. भिंतीत बसवलेला टँक तर एकाच बाजूने बघतात.

तर माझं मत सरळ आहे. 4 फुटाच्या आतलं गिऱ्हाईक आलं तर त्याला काचेचा टँक विका. 6 फुटाला प्लाय करायचा तो हात बसवायला, स्वतःच्या दुकानात ठेवायला. पैसा त्याच्या पुढच्या मापात आहे. पण पुढच्या मापात थेट उडी मारायची नाही, कारण पाण्याचा जोर.

पाण्याचा दाब टँकच्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, खोलीवर ठरतो. 6 बाय 2 बाय 2 च्या टँकमध्ये साधारण 680 लिटर पाणी मावतं, आणि पुढच्या बाजूवर एकूण सुमारे 340 किलोचा जोर येतो. 8 फूट लांब आणि 3 फूट खोल केला की तोच जोर 1,000 किलोच्या वर जातो. उंची फक्त एका फुटाने वाढली, जोर तिप्पट! म्हणून 2 फुटाच्या वर गेलात की नुसता प्लाय पुरत नाही. बाहेरून लोखंडी पाइपचा सांगाडा लागतो, आणि त्याचं डिझाइन फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडायचं नाही, इंजिनिअरला विचारायचं.

आता प्लाय. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणेल. शब्दावर जाऊ नका, शीटवरचा शिक्का बघा. आयएस 303 हा सर्वसाधारण प्लायचा शिक्का, आयएस 710 हा मरीन ग्रेडचा. आपल्याला 710 हवा, 18 किंवा 19 एमएम. कापलेल्या कडेला मधल्या थरांत पोकळी दिसली तर शीट परत द्या. आणि लक्षात घ्या, 710 म्हणजे प्लाय पाण्यात कायम राहू शकतो असं नाही. पाणी अडवणार आहे रेझिन. प्लाय चांगला का हवा, तर रेझिनला कुठं चीर गेलीच तर तुम्हाला कळेपर्यंत लाकूड टिकलं पाहिजे.

कापणीत एक मजा आहे. 8 बाय 4 ची शीट लांबीत मधोमध चिरली की 8 बाय 2 च्या दोन पट्ट्या होतात. प्रत्येकीतून 6 बाय 2 चा एक आणि 2 बाय 2 चा एक तुकडा. म्हणजे तळ, पाठ आणि दोन्ही टोकं एका शीटमध्ये, वाया काही नाही. पातं 3-4 एमएम खातं, तेवढं माप कमी धरा. अर्ध्या शीटमधून पुढची बाजू. तिच्यात चारही कडांना 4 इंच सोडून 5 फूट 4 इंच बाय 1 फूट 4 इंचाची खिडकी कापा. कापून निघालेला तुकडा टाकू नका, त्याच्या पट्ट्या वरच्या कडेला आतून आडव्या बसवायच्या. त्या नसतील तर पाणी भरल्यावर पाठ आणि पुढची बाजू मधोमध पोट काढते.

जोडताना वॉटरप्रूफ गोंद आणि दर 4 इंचाला स्टेनलेसचा स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. स्क्रूची डोकी आत बुडवून वर लांबी भरा. आतले सगळे कोपरे रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून गोल करून घ्या. काटकोनात फायबरचं कापड नीट बसत नाही, मागं हवा राहते आणि गळती तिथूनच सुरू होते.

रेझिनवर जरा थांबतो, कारण टँक जगतो-मरतो तो इथं. एपॉक्सीच घ्यायचं. फायबरच्या मूर्ती आणि टाक्या करणारे पॉलिस्टर रेझिन वापरतात, ते स्वस्त असतं, पण लाकडाला एपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि काट्यावर मोजून. "अंदाजे झाकणभर" केलंत तर रेझिन वर्षभर चिकट राहील. एकदम किलोभर कालवू नका. भांड्यात ते स्वतःच तापतं आणि दहा मिनिटांत दगड होतं. 200-200 ग्रॅम करा. पहिला हात प्लायमध्ये मुरू द्या, दुसऱ्या हाताबरोबर सगळ्या जोडांवर कापड बसवा, मग वरून दोन हात. हात वाळून गेला असेल तर पुढच्याआधी पॉलिश पेपर मारलाच पाहिजे. शेवटच्या हातानंतर निदान सात दिवस हात लावायचा नाही.

आणि हे काम जून ते सप्टेंबर करायचं नाही. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा थर धरतो, त्यावर पुढचा हात चिकटत नाही. आमच्या एका बॅचमधल्या मुलाने जुलैमध्ये ॲडव्हान्स घेतला, गणपतीच्या आत द्यायचं कबूल केलं आणि पावसातच रेझिन ओढलं. टँक गिऱ्हाइकाच्या दुकानात बारा दिवस टिकला. तेराव्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर पाणी रस्त्यावर. ॲडव्हान्स परत, खालच्या फर्निचरची भरपाई वेगळी. साडेअकरा हजारांच्या नफ्यासाठी पोरगं सदतीस हजारांना बुडालं. ऑर्डर पावसात आली तर घ्या, पण तारीख दिवाळीनंतरची द्या. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

काच आतून बसवायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी 2 इंच जास्त, म्हणजे 5 फूट 8 इंच बाय 1 फूट 8 इंच. कडा घासून घ्या. बसायच्या जागेवरचं रेझिन 80 नंबरच्या पेपरने खरखरीत करा, नाहीतर सिलिकॉन गुळगुळीत एपॉक्सीवरून सोलून निघतं. सिलिकॉन घेताना बुरशीरोधक किंवा बाथरूमसाठीचं घेऊ नका, त्यातलं औषध मासे मारतं. काच अशी दाबायची की खाली 3 एमएम सिलिकॉन उरेल. सगळं पिळून बाहेर काढलंत तर धरणार काय? परत सात दिवस.

चाचणी दुकानाबाहेर, अंगणात. पहिल्या दिवशी चौथाई पाणी, दुसऱ्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी पूर्ण. पुढच्या कडेला दोरी ताणून पोट किती आलंय ते रोज लिहून ठेवा. आकडा दोन दिवसांनी थांबला तर ठीक, वाढतच राहिला तर पाणी काढा. भरलेला टँक आठवडाभर तसाच ठेवा, मग ते पाणी फेकून द्या.

ठेवायचा कुठं हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, तुम्ही विचारायचा. पाणी, वाळू, टँक, स्टँड धरून 800 किलोच्या वर वजन 12 चौरस फुटांवर येतं. घराच्या स्लॅबला आयएस 875 प्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार धरलेला असतो. आपला पडतो 700 च्या वर. तळमजला उत्तम. वर ठेवायचा तर बीमच्या रेषेत, भिंतीला लागून, आणि इंजिनिअरचा होकार घेऊन. जुन्या वाड्याच्या लाकडी माळ्यावर ऑर्डरच घेऊ नका.

आता देखभाल. टँक भरला की लगेच मासे टाकायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर दोन-चार दणकट मासेच ठेवा, खाणं कमी घाला. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मासे मारतं. पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवा किंवा हायपोचे खडे वापरा. आठवड्याला चौथाई पाणी बदला, पूर्ण कधीच नाही. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धुतला की जिवाणू गेले.

प्लायच्या टँकला वेगळी काळजी अशी की आतली बाजू ब्लेडने किंवा तारेच्या घासणीने खरवडायची नाही. टोकदार दगड थेट तळावर नको, आधी वाळू. पाइपसाठी नवीन भोक पाडायचं तर आतली उघडी कड रेझिनने बंद केल्याशिवाय पाणी भरायचं नाही. बाहेरून मी रंगाऐवजी पारदर्शक पॉलिश देतो. आत ओल शिरली की लाकूड काळं पडतं ते पॉलिशमधून दिसतं, रंगाखाली लपतं. गिऱ्हाइकाला सांगून ठेवा, महिन्यातून एकदा खालच्या कोपऱ्यांवरून हात फिरवायचा. फुगवटा लागला तर फोन.

लाइट गेल्यावर हवेचा पंप बंद पडतो, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप किमतीतच धरून द्या. पाण्याजवळची वायरिंग आहे, ईएलसीबीशिवाय जोडणी करायची नाही.

किंमत कशी सांगायची? वरच्या 6 फुटी टँकचाच हिशेब धरा. माल 12,685, लोखंडी स्टँड समजा 7,000, स्वतःची चार दिवसांची मजुरी 4,000. हो, स्वतःची मजुरी लिहायचीच, तुम्ही फुकट कामगार नाही. झाले 23,685. त्यावर 10 टक्के गळतीसाठी राखीव, म्हणजे 26,000 च्या आसपास. हा राखीव पैसा वेगळ्या खात्यात, वर्षाची वॉरंटी संपेपर्यंत हात नाही. त्यावर 20 टक्के नफा, म्हणजे साधारण 31,000. एवढी किंमत ऐकून गिऱ्हाईक मिळत नसेल तर कमी करू नका, त्याला काचेचा दाखवा.

काहीजण टँक विकण्यापेक्षा त्यात मोली-गप्पी वाढवून विकायच्या विचारात आहेत. तो धंदा वेगळा, पण केंद्राची 2020 पासूनची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना त्यालाच आहे. परसातल्या शोभिवंत मासे युनिटला 3 लाखांचा प्रकल्पखर्च धरतात. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. चालू वर्षाची स्थिती मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा आणि अनुदान हातात पडेपर्यंत ते हिशेबात धरू नका. मासे मात्र विकत घ्या, नदीतून धरू नका. आपल्या आजरा-गडहिंग्लजवरून वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, 2020 मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुठल्या ओढ्यात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. उलटही तेच, नको झालेला सकरफिश रंकाळ्यात सोडायचा नाही. गिऱ्हाइकाला म्हणा, माझ्याकडे परत आणून दे.

शेवटचं, पहिला तुकडा कापायच्या आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्ट टेपने मोजा. तयार झालेला 6 फुटी टँक रिकामा असतानाही बराच जड असतो. उचलायला चार माणसं सांगा, आणि त्यांचा चहा-नाष्टा कोटेशनमध्ये धरा.