बातम्या, तुम्ही निवडलेल्या

आरएसएस फीड म्हणजे संकेतस्थळाने स्वतःच ठेवलेली ताज्या मजकुराची यादी: मथळा, दुवा, तारीख, थोडा सारांश. रीडर ॲप ठरावीक वेळाने ही यादी तपासतं आणि नवं काही आलं की तुमच्यापुढे मांडतं, सहसा वेळेच्या क्रमाने. काय वर दाखवायचं आणि काय दडवायचं, हे तिसरं कुणी ठरवत नाही. याचा सर्वांत मोठा गुण हाच.

१९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मलेलं हे तंत्र २०१३ साली गूगल रीडर बंद झाल्यावर संपलं, असं अनेकांनी गृहीत धरलं. पण पॉडकास्टचे नवे भाग आजही प्रामुख्याने याच वाटेने श्रोत्यांपर्यंत पोहोचतात.

फीडली, इनोरीडर ही रीडर ॲप्स मोफतही वापरता येतात. आयफोन आणि मॅकवर नेटन्यूजवायर पूर्ण मोफत आहे. ॲपमध्ये संकेतस्थळाचा पत्ता टाका. फीड असेल तर बहुतेकदा ॲपच ती शोधून काढतं. सुरुवातीला मोजकीच संकेतस्थळं घ्या. न वाचलेल्या बातम्यांचा आकडा फुगला की माणूस ॲप उघडणंच सोडतो. आणि आपण निवडलेल्या फीडच्या यादीची ओपीएमएल फाइल अधूनमधून उतरवून ठेवा. उद्या ॲप बंद पडलं तरी ती दुसऱ्या रीडरमध्ये नेता येते.