आधी लेन्स, मग कॅमेरा

छोटा मिररलेस कॅमेरा घ्यावा की नाही, हा प्रश्न आज ज्यांना पडतो त्यांच्या हातात बरा फोन असतोच. मग साठ-सत्तर हजार रुपये घालून फोनपेक्षा वेगळं नेमकं काय मिळणार? दुकानात याचं उत्तर बहुतेक वेळा बॉडीच्या भाषेत दिलं जातं: किती मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ आहे का, स्क्रीन फिरते का. बॉडीबरोबर एक छोटी झूम लेन्स येते, तिला किट लेन्स म्हणतात, आणि तेवढ्यावर खरेदी उरकते. माझ्या मते विचाराची सुरुवातच इथे चुकते. फोटोत जो फरक पडतो तो मुख्यतः लेन्समुळे पडतो, आणि किट लेन्सवरच थांबायचं असेल तर एवढ्या पैशांतून पदरात पडणारा फायदा फार थोडा आहे. आपल्याला कोणती लेन्स हवी हे आधी ठरलं, तर कॅमेरा घ्यायचा की नाही याचंही उत्तर त्यातच मिळतं.

हे नुसतं मत नाही, शाळेतल्या भागाकारानेही ते तपासता येतं. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्यावर लिहिलेल्या एफ-आकड्याने भागलं, की प्रकाश ज्या छिद्रातून आत येतो त्याचा व्यास मिळतो. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर साधारण 7 मिमी आणि एफ-आकडा 1.8 च्या आसपास असतो, म्हणजे छिद्र जेमतेम 4 मिमीचं. आता एपीएस-सी आकाराचा सेन्सर असलेला मिररलेस कॅमेरा घ्या. त्याच्या 16-50 मिमी किट लेन्सचा एफ-आकडा रुंद टोकाला 3.5 असतो. 16 ला 3.5 ने भागलं तर व्यास येतो 4.6 मिमी. दोन्हींत दिसणारं दृश्य साधारण तेवढंच रुंद, आणि आत येणारा प्रकाश फोनच्या फार तर सव्वा ते दीड पट. सेन्सर फोनच्या सेन्सरपेक्षा पाचपट मोठा असूनही लेन्सच्या अरुंद छिद्राने त्याचा बराचसा फायदा गिळून टाकलेला असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक फोटो करतो, तेव्हा उरलेलं अंतरही तो बऱ्याचदा भरून काढतो. नवा कॅमेरा घेऊन पहिल्याच महिन्यात निराश झालेली माणसं याच हिशेबात अडकलेली असतात. आता त्याच कॅमेऱ्याला 35 मिमी, एफ 1.8 ची प्राइम लेन्स लावा, म्हणजे झूम नसलेली, एकाच नाभीय अंतराची. छिद्राचा व्यास 19 मिमीच्या पुढे जातो. किट लेन्स 35 मिमीवर ठेवली तर तिथे तिचा आकडा एफ 5 च्या आसपास असतो आणि व्यास 7 मिमी. बॉडी तीच, पण लेन्स बदलल्यावर प्रकाश जवळजवळ आठपट झाला.

आठपट प्रकाशाचं करायचं काय, हे आपल्या घरांत आणि सभागृहांत दिसतं. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात मूल नाचतंय. त्याचे हात धूसर होऊ नयेत म्हणून शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतकंच उघडं ठेवावं लागतं. एफ 1.8 ची लेन्स असेल तर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 1600 च्या आसपास ठेवून काम भागतं. एफ 5 वर तोच आयएसओ 12,800 वर न्यावा लागतो, आणि एपीएस-सी सेन्सरवर तिथे चेहऱ्यावर खरखर दिसायला लागते. फोनची अडचण निराळी आहे. अनेक फोटो एकत्र करण्याची त्याची युक्ती स्थिर वस्तूंवर उत्तम चालते, हलत्या माणसावर कमी पडते. मग तो एक तर हात पुसट करतो, नाही तर त्वचेचा पोत पुसून टाकतो. म्हणूनच अंधार म्हटला की कॅमेरा हवाच, हे खरं नाही. अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅशला बंदी आहे आणि लेण्यांत उजेड मंद आहे, तरी भिंत हलत नसल्यामुळे फोन तिथे बऱ्यापैकी निभावतो. फोन हरतो तो अंधार आणि हालचाल एकत्र आल्यावर: गौरीपुढच्या झिम्मा-फुगडीत, हळदीच्या रात्री, नाटकाच्या किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर, रात्री उशिरा चाललेल्या विसर्जन मिरवणुकीच्या ढोल-ताशांत.

यावर एक आक्षेप हमखास येतो. फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच जायचे, तिथे ते दाबून लहान होतात, मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. मेगापिक्सेलचा फायदा त्या प्रवासात बहुतेक नाहीसा होतो, आणि फोटो कॅमेऱ्यातून फोनवर आणण्याची कटकट दर वेळी करावी लागते. पण हललेला हात छोट्या स्क्रीनवरही हललेलाच दिसतो, आणि नेमक्या क्षणी पकडलेलं हसू फोटो दाबला म्हणून नाहीसं होत नाही. म्हणजे या आक्षेपातूनही तेच सिद्ध होतं: जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर केलेला खर्च व्हॉट्सअ‍ॅपवर वाया जातो, लेन्सवरचा जात नाही.

फोनची दुसरी मर्यादा लांबच्या गोष्टींची. झाडाच्या शेंड्यावरचा धनेश किंवा पाणथळीतला करकोचा फोनवर टिपायला गेलं तर पक्ष्याऐवजी रंगाचा डाग हाती येतो. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात तर पर्यटकांना मोबाइल वापरायलाच बंदी आहे. लांबचं टिपताना कॅमेऱ्याच्या छोटेपणाचा खरा कस लागतो. मिररलेस कॅमेरा लहान का झाला, हे त्यासाठी समजून घ्यायला हवं. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक आरसा असे. त्याच्या हालचालीला जागा लागायची, म्हणून निकॉनच्या एफ माउंटपासून, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते तिथपासून, सेन्सरपर्यंतचं अंतर 46.5 मिमी होतं. 2008 मध्ये पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचा जी-1 आणला, त्यात आरसाच नव्हता. निकॉनच्या आजच्या झेड माउंटमध्ये ते अंतर 16 मिमीवर आलं आहे. बॉडी यामुळे पातळ झाली, रुंद कोनाच्या काही लेन्सही लहान झाल्या. पण टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या, लेन्सचा आकार आरशावर अवलंबून नव्हताच. 600 मिमी लेन्सला एफ 6.3 चा प्रकाश घ्यायचा असेल तर तिचं छिद्र 95 मिमीचं असावंच लागतं. सोनीची 200-600 मिमी लेन्स 2 किलोहून जड आहे, ती कितीही छोट्या बॉडीला लावली तरी वजन तेवढंच.

कॅमेरा लेन्ससकट खरोखर छोटा हवा असेल तर सेन्सर लहान घ्यावा लागतो. फुल फ्रेम सेन्सर 36 गुणिले 24 मिमीचा, एपीएस-सी साधारण 23.5 गुणिले 15.6 मिमीचा, मायक्रो फोर थर्ड्स 17.3 गुणिले 13 मिमीचा. या शेवटच्या पद्धतीतली ऑलिम्पसची 75-300 मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या 600 मिमीइतकं जवळचं दाखवते आणि तिचं वजन 423 ग्रॅम आहे. छिद्र मात्र 45 मिमीच्या आसपास, म्हणजे पहाटेच्या अंधूक जंगलात ती लवकर हात टेकते. हा सौदा डोळे उघडे ठेवून करायचा आहे. सकाळच्या उन्हात पक्षी पाहणाऱ्या, पाठपिशवी घेऊन गड चढणाऱ्या माणसाने मी तर लहान सेन्सरकडे जावं म्हणेन, कारण दोन किलोची लेन्स त्याच्याकडून चार ट्रेकनंतर घरीच राहणार. कासच्या पठारावर सीतेच्या आसवांसारखी इवली फुलं टिपायची असतील तर गरज पुन्हा वेगळी: थोडं लांबून, पायवाट न सोडता, जवळचं फोकस करणारी मॅक्रो लेन्स.

लेन्स आधी ठरवायची म्हटलं की माउंटचा प्रश्न येतो, आणि हौशी ग्राहक याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते. लेन्स नीट ठेवली तर वीस वर्षं चालते, पण ती बसवायला त्या माउंटच्या बॉडी बाजारात असाव्या लागतात. या छोट्या इतिहासात मेलेल्या पद्धती बऱ्याच आहेत. सॅमसंगने एनएक्स कॅमेरे बंद केले. निकॉनचा ‘निकॉन 1’ 2011 मध्ये आला आणि 2018 मध्ये संपला. कॅननचा ईओएस-एम 2012 मध्ये आला, भरपूर विकला गेला, आणि 2023 मध्ये तोही बंद पडला. त्याच्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ माउंटवर बसत नाहीत. उलट सोनीचा ई माउंट 2010 पासून, फुजीफिल्मचा एक्स माउंट 2012 पासून, मायक्रो फोर थर्ड्स 2008 पासून चालू आहे; ऑलिम्पसने कॅमेऱ्याचा व्यवसाय विकल्यावरही मायक्रो फोर थर्ड्स टिकलं. माउंट निवडताना आणखी एक पाहावं: दुसऱ्या कंपन्या त्यासाठी लेन्स करतात का? सिग्मा, टॅमरॉन, व्हिल्ट्रॉक्स यांच्या लेन्समुळे सामान्य ग्राहकाचा खर्च बराच खाली येतो. कॅननने आपल्या छोट्या सेन्सरच्या आरएफ कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला 2024 मध्ये वाट मोकळी केली, आणि माझ्या दृष्टीने त्या कॅमेऱ्यांची किंमत खऱ्या अर्थाने तेव्हा वाढली.

काही जाणकार म्हणतील, एवढा विचार करतोच आहात तर फुल फ्रेमच घ्या, पुन्हा बदलायला नको. ज्यांचं पोट फोटोग्राफीवर आहे त्यांना हे लागू पडतं. घरगुती हौसेला फुल फ्रेम घेतलं, की बजेट बॉडीतच संपतं आणि लेन्स पुन्हा साधीच येते, म्हणजे मूळ चूक मोठ्या रकमेची होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वापरलेला डीएसएलआर आणि 50 मिमी एफ 1.8 लेन्स याहून पुष्कळ स्वस्तात मिळते, ती का नको? हे मला मान्य आहे. ज्याचा हात आखडता आहे आणि ज्याला वजनाची अडचण नाही, त्याने बेलाशक तो घ्यावा. निकॉनच्या डी-3500 ची बॅटरी प्रमाणित चाचणीत 1,550 फोटो देते, छोटे मिररलेस कॅमेरे तीन-चारशेच्या आसपास थांबतात. पण माणसाच्या डोळ्यावर आपोआप फोकस धरण्यात नवे मिररलेस खूप पुढे आहेत आणि धावतं मूल टिपताना तो फरक मोठा ठरतो. तिसरी वाट लेन्स न बदलणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची, म्हणजे रिकोचा जीआर किंवा फुजीफिल्मचा एक्स-100. ज्याला एकच लेन्स पुरणार याची खात्री आहे त्याच्यासाठी ती उत्तम. ती खात्री बहुतेकांना पहिल्या वर्षी नसते.

पैशांच्या बाबतीत माझा आग्रह असा, की ठरवलेल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा दुसऱ्या लेन्ससाठी बाजूला काढावा, आणि तो निघत नसेल तर बॉडी एक पिढी जुनी किंवा वापरलेली घ्यावी. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी 2019 च्या सुरुवातीला 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तरीही बिनबिलाचा, बाहेरून आणलेला माल स्वस्त म्हणून समोर येतो. त्याला भारतातली वॉरंटी मिळेलच असं नाही, म्हणून तो टाळावा. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलची टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने आत पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, अशी लेन्स परत करावी. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हा धोका प्रत्येक लेन्सला असतो. चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली लेन्स बुरशीला सर्वांत आधी बळी पडते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक, एवढी तयारी पुरते. मापक 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील असं पाहावं. हा खर्च शे-पाचशेचा आहे आणि तो खरेदीच्याच दिवशी करावा.

आता घ्यायचा की नाही? याचं उत्तर दुकानात नाही, आपल्या फोनच्या गॅलरीत आहे. गेल्या वर्षभराचे फोटो उघडा आणि जे फसले ते पाहा. घरातल्या, रंगमंचावरच्या हलत्या माणसांचे फोटो फसले असतील तर 35 किंवा 50 मिमी एफ 1.8 हवी. लांबचे पक्षी हाती आले नसतील तर टेलिफोटो हवी. मुंबई-पुण्यात लेन्स आणि बॉडी दिवसाच्या भाड्याने मिळतात, तेव्हा एखाद्या लग्नाला किंवा सहलीला ती आणून पाहा, आणि फरक डोळ्यांना दिसला तर मनात किंतु न ठेवता घ्या. फसलेले फोटो फारसे सापडलेच नाहीत, किंवा दुसऱ्या लेन्ससाठी पैसे उरत नसतील, तर यंदा कॅमेरा घेऊ नका.