पिकअपच्या चेंबरला तोटी : कोणाला फायद्याची, कोणाला नाही?

अमरावती (प्रतिनिधी) - वरूड-मोर्शीचा संत्रा असो की अकोल्याच्या बाजारात येणारा कापूस, शेतापासून बाजारापर्यंतचा मोठा भार आज पिकअप गाड्यांवर आहे. हंगामात या गाड्या क्वचितच उभ्या राहतात आणि इंजिनचे तेल बदलण्याची पाळी घरगुती मोटारीपेक्षा कितीतरी लवकर येते. वर्षाला ४०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे तेल दर १०,००० किलोमीटरला बदलायचे म्हटले, तर वर्षातून ४ वेळा आणि ८ वर्षांत ३२ वेळा चेंबरचा नट उघडावा लागतो. हा नट काढून त्या जागी कायमची बसविण्याची एक छोटी पितळी तोटी ऑनलाइन दुकानांतून मिळते. पाना न लावता तेल काढता येते, हे तिचे आकर्षण. मात्र ती निवडताना झालेली चूक थेट इंजिनावर बेतू शकते.

तोटीची गरज का भासते, हे समजण्यासाठी आधी नटाकडे पाहावे लागेल. गॅरेजमध्ये ज्याला नट म्हणतात तो प्रत्यक्षात बोल्ट असतो आणि त्याच्याखाली तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे मऊ वॉशर असते. हे वॉशर दाबले जाऊन फट बुजवते, म्हणून ते दर वेळी नवीन टाकायचे असते. घाईच्या कामात जुनेच वॉशर पुन्हा बसविले जाते, थेंब गळू लागतो आणि तो थांबविण्यासाठी नट अधिक जोराने आवळला जातो. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर काही वर्षांत त्याचे आटे जातात. मग नव्याने आटे पाडणे किंवा चेंबरच बदलणे, एवढेच मार्ग उरतात. तोटी एकदा बसली की आट्यांना पुन्हा हात लावावा लागत नाही. वेळ वाचतो म्हणून तिची जाहिरात होते; आमच्या मते तिचा खरा उपयोग आटे वाचविण्याचा आहे.

या तोट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. जपानच्या फुमोतो कंपनीमुळे परिचित झालेल्या प्रकारात पितळी अंगात एक छिद्र असलेला गोळा असतो. बाहेरची दांडी खाचेतून उचलून पाव फेरा फिरविली की छिद्र समोर येते आणि तेल वाहू लागते. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ जर्मनीच्या स्टालबसमध्ये, बाहेर दांडीच नसते. झाकण काढून नळीची जोडणी फिरवून लावली की आतील झडप उघडते; जोडणी काढली की स्प्रिंगने बंद होते. पहिला प्रकार वापरायला सोपा, दुसरा अंगाने आटोपशीर.

वऱ्हाडात हा फरक महत्त्वाचा ठरतो. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनेस विक्रम झाला खरा, पण माल महामार्गावर तयार होत नाही. गाडीला पांदण रस्ता, काळ्या मातीची चाकोरी आणि वेचणी झालेल्या शेतातील पऱ्हाटीचे खुंट पार करावे लागतात. चेंबरच्या तळाशी खाली डोकावणारी दांडी अशा खुंटाला अडकली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून तोटी घेण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. नट चेंबरच्या बाजूला, आडवा असेल तर धोका कमी. तो तळाशी, सरळ खाली तोंड करून असेल आणि पुढे संरक्षक पत्रा नसेल, तर शेतात जाणाऱ्या गाडीला दांडीची तोटी न बसविणेच शहाणपणाचे. बसवायचीच असेल तर नळी लावण्याचे लांब टोक नसलेली निवडावी आणि दांडीला अडकविण्याची क्लिप सोबत घ्यावी.

मापाबाबत गाडीच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या पिकअपची इंजिने भारत स्टेज ४ (एप्रिल २०१७) आणि ६ (एप्रिल २०२०) या प्रदूषण मानकांच्या निमित्ताने बदललेली असू शकतात. जुना नट काढून त्याचा व्यास आणि आट्यांमधील अंतर दोन्ही मोजून घ्यावे. व्यास १४ मिलिमीटर जुळला, पण अंतर १.५ ऐवजी १.२५ मिलिमीटर निघाले, तर तोटी सुरुवातीला बसल्यासारखी वाटते, पुढे अडते आणि जोर केला की चेंबरचे आटे कापते. पहिले काही फेरे हाताने सहज बसले पाहिजेत, ही साधी कसोटी. वॉशर असलेल्या तोटीला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचा तुटलेला तुकडा आत जाऊन तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतो.

आपल्याकडील उन्हाने तोटी खराब होईल का, अशी शंका काहींना येते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो हे खरे. पण चालत्या इंजिनातील तेल मुळातच १०० अंशांच्या आसपास तापलेले असते. ऊन भाजते ते मिस्त्रीला, तोटीला नव्हे. तेल कोमट असताना काढावे, उकळते नव्हे.

काही उणिवाही आहेत. तोटीचे छिद्र नटाच्या भोकापेक्षा लहान असल्याने तेल हळू उतरते. तिचे टोक चेंबरच्या आत थोडे वर आले तर तळाचे थोडे काळे तेल आतच राहते. मूळ नटाला चुंबक असेल तर धातूचा कीस पकडण्याची सोयही जाते. गाडी वॉरंटीत असल्यास बसविण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारणा करून घेणे बरे.

वर्षातून एकदाच तेल बदलणाऱ्या आणि ते काम गॅरेजवर सोपविणाऱ्या मालकाने हा खर्च करू नये. दर वेळी नवीन वॉशर मागून घ्यावे, तेवढे पुरे. पाच-सहा गाड्या बाळगणाऱ्या आणि स्वतःच्या आवारात तेल बदलणाऱ्या वाहतूकदाराला मात्र तोटी निश्चित उपयोगी आहे. बसविल्यानंतर पहिल्या दिवशी आणि त्यानंतर आठवडाभर खाली पाहून थेंब तपासावा. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी पुढच्या गावापर्यंत रेटू नये. इंजिन तत्क्षणी बंद करावे. तेलाविना बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही आणि भर हंगामात इंजिन उघडणे म्हणजे त्या हंगामाची कमाई गमावणे.

नळीची तोटी असेल तर जुने तेल न सांडता थेट डब्यात घेता येते, ही या भागासाठी दुय्यम गोष्ट नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे. गोड्या पाण्याचे स्रोत मोजके. तरीही गॅरेजमागच्या नालीत काळे तेल ओतले जाते किंवा स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना फासायला दिले जाते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही त्याची जबाबदारी आली आहे. डबा भरल्यावर तो कोठे जातो, हे गॅरेजवाल्याला विचारायला हरकत नाही.