नाण्यावर गाणारी पेटी

आजच्या मुलांना 'ज्यूकबॉक्स' हा शब्द चांगला ओळखीचा आहे. यूट्यूबवर एखाद्या चित्रपटाची सगळी गाणी एकापाठोपाठ लावलेली असली की त्याला ज्यूकबॉक्स म्हणतात. पण ज्यूकबॉक्स ही मुळात कशी दिसणारी वस्तू होती, असे वर्गात विचारले तर मुले एकमेकांकडे बघू लागतात. त्यांच्या आजोबांना मात्र ती आठवते. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत कपाटाएवढी, दिव्यांनी उजळलेली एक पेटी कोपऱ्यात उभी असे. फटीत नाणे टाकायचे, बटण दाबायचे आणि पानी-कम चहा संपेपर्यंत आपल्या पसंतीचे गाणे ऐकायचे.

ही पेटी अमेरिकेची. हॉटेलांतून ती केव्हाच गेली, पण तिथे अनेक घरांच्या तळघरांत आणि गॅरेजांत शौकीन लोक जुन्या पेट्या विकत घेऊन, खोलून, साफ करून पुन्हा गाती करतात. हा शौक काय आहे, त्यात शिकण्यासारखे काय आहे आणि त्यात धोका कुठे आहे, ते आपण पाहू. घरात जुना रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेअर पडून असेल, तर यातले बरेच काही त्यालाही लागू पडेल.

सुरुवात कशी झाली

२३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या 'पॅले रॉयाल' नावाच्या मद्यगृहात लुई ग्लास आणि विल्यम अर्नोल्ड या दोघांनी एडिसनचा फोनोग्राफ ठेवला. त्यात तबकडी नव्हती, मेणाचे नळकांडे होते. लाउडस्पीकरही नव्हता. यंत्राला चार नळ्या जोडल्या होत्या. पाच सेंटचे नाणे टाकून नळी कानाला लावायची आणि गाणे ऐकायचे. या एका यंत्राने पहिल्या सहा महिन्यांत हजार डॉलरपेक्षा जास्त कमाई करून दिली.

पुढे विजेवर आवाज मोठा करण्याची सोय झाली आणि १९२७ साली एएमआय या कंपनीने अनेक गाण्यांतून निवड करता येईल असे विजेचे यंत्र आणले. आता एकाच्या नाण्यावर सगळी खोली ऐकू लागली. त्यानंतर मंदीचे दिवस आले. वाजंत्री ठेवणे हॉटेलवाल्यांना परवडेना, पण पाच सेंट गिऱ्हाइकाच्या खिशात असत. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि गुत्ते पुन्हा उघडले, तेव्हा या पेट्यांना मोठी मागणी आली. वुर्लिट्झर, सीबर्ग, रॉक-ओला आणि एएमआय ही चार नावे पुढे आली. रॉक-ओला हे नाव 'रॉक' संगीतावरून पडले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मालकाचेच नाव डेव्हिड रॉकोला होते.

'ज्यूक' हा शब्द अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या संस्थानांतल्या काळ्या मजुरांच्या बोलीतून आला. दिवसभर शेतात राबलेले लोक जिथे रात्री नाच-गाण्यासाठी जमत, त्या झोपडीवजा अड्ड्यांना 'ज्यूक जॉइंट' म्हणत. कंपन्यांना हे नाव हलके वाटे. त्या आपल्या जाहिरातींत 'स्वयंचलित फोनोग्राफ' असेच लिहीत. पण नाव टिकले ते मजुरांचे.

त्या काळी गोऱ्यांची बहुतेक रेडिओ केंद्रे काळ्या गायकांना फारशी जागा देत नसत. पेटीला मात्र नाण्याशी मतलब. ज्या तबकडीवर नाणी पडत ती राही, जिच्यावर पडत नसत ती पेटीवाला काढून नेई. काळ्या गायकांचे गाणे असे गावोगाव पोचले. दुसरी बाजूही सांगायला हवी. १९०९ च्या अमेरिकी कायद्यात नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांना सूट होती, त्यामुळे पेटीत गाणे कितीही वेळा वाजले तरी गीतकार आणि संगीतकाराला त्याबद्दल एक पैसाही मिळत नसे. ही सूट १९७८ पासून संपली.

आपल्या जंगलातली लाख

या अमेरिकी पेटीचे आपल्या मातीशी एक नाते आहे. सुरुवातीच्या पेट्यांत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या वाजत. त्या चपड्याच्या असत. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे जे राळेसारखे कवच करतात, ते खरवडून, वितळवून, गाळून चपडा तयार होतो. जगाला लागणारी लाख मोठ्या प्रमाणात भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. आपल्या विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याकडेही लाख निघते. जयपूरचे मनिहार किंवा हैदराबादच्या लाड बाजारातले कारागीर जिच्या बांगड्या घडवतात तीच ही लाख. तबकडीसाठी तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत.

दुसऱ्या महायुद्धात ही लाख लष्करी कामासाठी हवी झाली. १९४२ साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेत मोठी कपात केली आणि जुन्या तबकड्या गोळा करून, भरडून पुन्हा वापरल्या गेल्या. पेट्यांचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. लाख आणखी एका रूपात आपल्या घरात असते. सुतार लाकडाला जे चपडा पॉलिश देतो ते स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. म्हणून जुन्या चपड्याच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, ती खराब होते. नव्या प्लॅस्टिकच्या तबकडीची गोष्ट वेगळी.

आत काय चालते

युद्ध संपल्यावर १९४६ साली वुर्लिट्झर कंपनीने १०१५ क्रमांकाची पेटी आणली. तिची रचना पॉल फुलर यांची. कमानीसारखा माथा, रंग बदलणारे दिवे आणि काचेच्या नळ्यांतून वर चढणारे बुडबुडे. ज्यूकबॉक्स म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते याच पेटीचे. अशा ५६ हजारांहून जास्त पेट्या विकल्या गेल्या. तिच्यात २४ तबकड्या एकावर एक आडव्या ताटल्यांत ठेवलेल्या असत. बटण दाबले की हवी ती ताटली बाहेर सरके, खालून फिरते चाक वर येई, तबकडी उचलून सुईपर्यंत नेई आणि गाणे संपले की तिला परत जागेवर ठेवी. प्रत्येक तबकडीची एकच बाजू वाजे.

१९४८ साली सीबर्ग कंपनीने ही अडचण दूर केली. तिच्या एम-१००-ए पेटीत ५० तबकड्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या असत. रुळावरून एक गाडी सरकत येई, तबकडी उचलून धरी आणि डाव्या किंवा उजव्या बाजूने सुई लावी. म्हणजे ५० तबकड्यांत १०० गाणी झाली. पुढच्या वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी बाजारात आली आणि १९५० च्या एम-१००-बी पासून पेट्या तिच्याकडे वळल्या. यातले काहीही संगणकावर चालत नव्हते. दातेरी चाके, स्प्रिंगा, विजेची चुंबके आणि रिले एवढ्यावरच सारा कारभार. म्हणूनच ७०-७५ वर्षांनंतरही घरी बसून तो समजून घेता येतो आणि दुरुस्त करता येतो.

दुरुस्तीचा क्रम

जाणकारांचा पहिला नियम असा, की जुनी पेटी घरी आली की लगेच प्लग लावून पाहायचा नाही. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून सुकलेले असतात. एकदम वीज दिली तर ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाळतात. ट्रान्सफॉर्मर गेला तर तसाच दुसरा मिळणे कठीण.

म्हणून आधी फोटो काढायचे. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायची. प्रत्येक स्क्रू डबीत ठेवून डबीवर नाव लिहायचे. मग यंत्राचा भाग हाती घ्यायचा. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते, त्यामुळे चाके अडतात आणि लोक समजतात मोटर जळली. ते ग्रीस रॉकेलने धुऊन काढून, जिथे कंपनीने सांगितले असेल तिथेच आणि तेवढेच तेल द्यायचे. या पेट्यांची जुनी सर्व्हिस पुस्तके पुन्हा छापलेली मिळतात. ते पुस्तक हातात असल्याशिवाय एकही खिळा हलवू नये.

त्यानंतर अँप्लिफायर. जुने कपॅसिटर बदलायचे, वाल्व तपासायचे, कडक झालेल्या वायरी नव्या घालायच्या. पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन वापरतात तशी सिरीज बल्बची जोडणी करायची. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पेटी वाचते. शेवटी सुई आणि कार्ट्रिज. जुन्या कार्ट्रिजमधले स्फटिक दमट हवेत निकामी होतात. कोकण-मुंबईच्या हवेत तर ते शाबूत मिळणे नशिबाचे.

हे काम पोरखेळ नाही. वाल्वच्या अँप्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ राहतात. ते बाहेर काढण्याची रीत माहीत नसेल तर मागचे झाकण उघडू नये. जुन्या पेट्यांना बहुधा दोनच तारांची केबल असे. घरात मुले वावरत असतील तर सांगाड्याला अर्थिंग जोडून घ्यावेच. बुडबुड्यांच्या नळीत ४० अंशांच्या आसपास उकळणारे मेथिलीन क्लोराइडसारखे रसायन असते. नळी फुटली तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे, कारण त्याची वाफ विषारी आहे. काही पेट्यांत सेलेनियमचे रेक्टिफायर असतात. ते जळले तर त्यांचाही धूर तसाच घातक. असा भाग आधीच बदललेला बरा.

आपल्याकडे आणायची तर

अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झाले, असे अनेकांना वाटते. पण अर्धेच काम होते. तिथली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आहे, आपली ५० ची, आणि यातल्या बऱ्याच मोटरींचा वेग आवर्तनांवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने नाही. परिणामी ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीस फेरे घेते आणि ७८ ची ६५. गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येते. मोटरीच्या दांड्यावरची पुली त्या प्रमाणात मोठी बसवावी लागते. नववी-दहावीच्या मुलांना प्रमाण शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी अडचण तबकड्यांची. अमेरिकी ४५ च्या पेटीला मधले भोक दीड इंचाचे लागते. आपली तबकडी लहान भोकाची असेल तर त्या यंत्रात ती बसत नाही. वजनाचाही विचार हवा. अशी पेटी दीडशे किलोच्या पुढे जाते. चाळीच्या जिन्यावरून ती चढवण्याआधी जिना आणि माणसे दोन्ही मोजावीत.

अस्सल आणि नक्कल

१०१५ ची ख्याती एवढी, की १९८० च्या दशकात जर्मनीतल्या वुर्लिट्झर कंपनीने तिच्याच रूपाची नवी पेटी काढली. दिसायला तीच, आतले यंत्र निराळे. ती चांगली वस्तू आहे, पण ती १९४६ ची नाही आणि तिची किंमत त्या हिशेबाने लावू नये. अस्सल पेट्यांतही कुणी दोन मोडक्या पेट्यांची मिळून एक करतो, कुणी प्लॅस्टिक नवे बसवतो, कुणी लाकूड रंगवून टाकतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते लपवणे. मालातला दोष गिऱ्हाइकाला दाखवून मगच सौदा करावा, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली असते. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिची पदोपदी परीक्षा होते. म्हणून चांगले शौकीन एक वही ठेवतात. कोणता भाग मूळचा, कोणता बदलला, केव्हा आणि कशासाठी, हे त्यात लिहिलेले असते. पेटी विकली की वही तिच्यासोबत जाते.

घरच्यांचा हिस्सा

कोणताही शौक घरच्यांच्या मर्जीशिवाय टिकत नाही. पेटी हॉलमधली जागा अडवते, सुटे भाग पैसा खातात आणि दुरुस्ती ठरलेल्या वेळात कधीच पुरी होत नाही. मुलांच्या फीच्या किंवा अम्मीच्या औषधांच्या पैशांतून कपॅसिटर येऊ लागले तर तो शौक नव्हे, फिजूलखर्ची आहे. आधी रक्कम ठरवावी, ती बीवीला सांगावी आणि तिच्यापुढे जाऊ नये. काही घरांत गाणे लावणे पसंत नसते. त्या घरातही जुने घड्याळ, शिलाई मशीन किंवा बातम्यांचा वाल्व रेडिओ असतोच. खोलणे, समजणे आणि पुन्हा जोडणे हे हुनर त्यावरही तेवढेच शिकता येते.

आपल्याकडे अमेरिकी ज्यूकबॉक्स फार थोड्यांच्या नशिबी येईल. पण माळ्यावरचा मर्फी रेडिओ, एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर, चोरबाजारातून आणलेला ग्रामोफोन हे आपल्या आवाक्यातले आहेत. त्यांची नस ओळखणारे मिस्त्री अजून काही मोहल्ल्यांत आहेत. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कुणी नाही. या सुट्टीत घरातले एक बंद यंत्र आणि घरातला एक मुलगा किंवा मुलगी घेऊन अशा एखाद्या चाचांच्या दुकानी जा. दुरुस्तीचे पैसे ते सांगतील तेवढे द्या, घासाघीस करू नका. आणि चाचा झाकण उघडतील तेव्हा मुलाला बाहेर बाकावर बसवू नका, त्यांच्या शेजारी उभे करा.