नीलादर्शक उपकरण

त्वचेखालील वरवरच्या नीलांचे (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचे) जाळे डोळ्यांना स्पष्ट दिसेल असे करणारे उपकरण. तपासणीसाठी रक्त काढताना किंवा नीलेतून औषध देताना सुई कोठे टोचावी हे ठरविण्यास त्याची मदत होते. रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, बालरुग्णालये व रक्त-तपासणी केंद्रे यांत ते वापरतात.

तपासणीचे रक्त बहुधा कोपराच्या पुढील खळग्यातील नीलेतून घेतात. टोचण्याच्या जागेच्या चार-पाच बोटे वर पट्टा आवळला, की नीला रक्ताने फुगते व बोटाने चाचपता येते. अर्भके, लठ्ठ व्यक्ती, जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेले रुग्ण आणि कर्करोगावरील औषधांनी ज्यांच्या नीला कठीण झाल्या आहेत असे रुग्ण यांच्या बाबतीत मात्र ती सहजी सापडत नाही. मग सुई पुनःपुन्हा टोचावी लागते व रक्त त्वचेखाली साकळते. पट्टा फार वेळ आवळलेला राहिला किंवा ओढाताणीत तांबड्या कोशिका फुटल्या, तर नमुन्यातील पोटॅशियमाचे प्रमाण खोटेच वाढलेले आढळते. रुग्णाला होणाऱ्या वेदनेबरोबर निदानही चुकण्याचा संभव असतो.

नीला निळसर दिसते म्हणून तिच्यातील रक्त निळे असते, ही समजूत चुकीची आहे. ते काळपट तांबडे असते. तांबडा प्रकाश त्वचेत खोलवर जाऊन नीलेत शोषला जातो, तर निळा बव्हंशी वरच्या थरांतूनच परततो. त्यामुळे ती जागा भोवतालच्या मानाने निळसर भासते. उपकरणात याच्याही पलीकडच्या, म्हणजे सु. ७०० ते ९०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) तरंगलांबीच्या निकट अवरक्त प्रारणाचा उपयोग करतात. ते त्वचा व वसा यांतून सु. ८ ते १० मिमी. खोलीपर्यंत उपयुक्त प्रमाणात जाते. नीलेतील ऑक्सिजन गमावलेले हीमोग्लोबिन मात्र ते शोषून घेते. परत येणारे प्रारण कॅमेऱ्याने टिपले असता नीला काळ्या रेषांसारख्या दिसतात. हे चित्र प्रक्षेपकाने रुग्णाच्या हातावरच उमटविले जाते. त्वचेला काळेपणा देणारे मेलॅनीन हे रंगद्रव्य निकट अवरक्त प्रारण दृश्य प्रकाशापेक्षा पुष्कळच कमी शोषते. सावळ्या हातावर नुसत्या डोळ्यांना नीला दिसत नाहीत, तेथेही उपकरण चालते ते यामुळेच. भारतात या गुणाचे महत्त्व विशेष आहे.

अवरक्त छायाचित्रणाने वरवरच्या नीला दाखविण्याचे प्रयत्न १९३०–४० या दशकात झाले होते. चित्र तत्क्षणी त्वचेवर पाडण्याची पद्धत अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात हर्बर्ट झीमन यांनी १९९० नंतरच्या दशकात विकसित केली. हातात मावणारी लेसरयुक्त उपकरणे २००९ च्या सुमारास बाजारात आली. नवजात अर्भकांसाठी याहून साधी युक्ती आहे : तळहाताखाली तांबडा दिवा धरला, की पंजाच्या पाठीवरील नीला गडद दिसतात.

दिसणारी नीला टोचण्यास योग्य असतेच असे नाही. चित्र सपाट असल्याने खोली कळत नाही. उपकरण तिरपे धरल्यास रेषा बाजूला सरकते. नीला लवचिक आहे की आतून गोठलेली, हे बोटच सांगते. लहान मुलांच्या नीलेत नळी बसविण्यासंबंधीच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सरसकट वापराने पहिल्याच प्रयत्नातील यश वाढल्याचे आढळले नाही. ज्यांच्या नीला मुळातच सापडणे अवघड होते, अशांना मात्र उपयोग होऊ शकेल असे दिसले. फार खोल नीलांसाठी श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण अधिक उपयुक्त ठरते.

डोंबिवलीसारख्या उपनगरात हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. मुंबईला नोकरीस जाणाऱ्यांना लोकल गाठण्यापूर्वी, उपाशीपोटी रक्त द्यावयाचे असते; सकाळच्या गर्दीत तंत्रज्ञाला एका रुग्णामागे थोडीच मिनिटे मिळतात. सुदृढ प्रौढाचा हात प्रत्येक वेळी उपकरणाखाली धरण्यात वेळ जातो, लाभ फारसा नाही. एकदोनदा सुई टोचूनही रक्त न मिळालेला रुग्ण, अर्भक आणि आधीच भेदरलेले मूल यांच्यासाठी ते राखून ठेवणे इष्ट होय. कल्याणलगतच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत झाली. या समाजात बीटा थॅलॅसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आहे. तीव्र थॅलॅसेमिया असलेल्या मुलाला साधारणपणे दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्ताधान लागते व त्यापूर्वी तपासणीसाठीही सुई टोचावी लागते. वर्षानुवर्षे टोचल्याने त्याच्या नीला व्रणयुक्त होतात. अशा मुलाची एक सुई वाचली तरी पुढच्या खेपेची भीती कमी होते.

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराच्या रुग्णांबाबत वेगळी दक्षता घ्यावी लागते. पुढेमागे रक्ताच्या अपोहनासाठी त्यांच्या हातातील रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडण्याची गरज पडण्याचा संभव असतो. म्हणून उपकरणात कितीही ठळक दिसली, तरी त्या हाताची कोपरातील व अग्रबाहूवरील नीला टोचत नाहीत. शक्यतो पंजाच्या पाठीवरील नीलेतून रक्त घेतात.